पेठेतल्या दुकानावरची माडी पुन्हा राहती कशी करायची

पहिलं सांगतो, बेळगावच्या पेठेत घरं कमी नाहीयेत, राहणारी माणसं कमी झालीयत. गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली, कुठंबी मान वर करून बघा, खाली झगमगीत दुकान आणि वर माडीची खिडकी आतनं खोक्यांनी बुजलेली. मालक टिळकवाडीत नाहीतर हनुमाननगरात बंगला बांधून गेले, माडी दुकानदारालाच गोडाऊन म्हणून दिली, आणि विचारलं तर म्हणणार "आता कोण ऱ्हातंय की वर". राहतात हो! हॉस्पिटलातल्या नर्सबाई, बदलीवर आलेला बँकेतला क्लार्क, खानापूर-चंदगडाकडनं पोरांच्या शाळेसाठी आलेलं कुटुंब, यांना बाजार आणि बसस्टँड चालत पायजे असतंय. माडी राहण्यासारखी करून द्या म्हणजे झालं.

आधी कागद. सीटीएस उतारा (सिटी सर्व्हेतला जागेच्या मालकीचा कागद) अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसा नोंद करून घ्या, आणि त्यात आत्या, बहिणी सगळ्या आल्या, 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांएवढाच आहे, त्यांना न विचारता काम काढलं तर अर्ध्यात अडकतंय. मग कॉर्पोरेशनचा ई-आस्ती खाता, म्हणजे मिळकतीची ऑनलाइन नोंद. वरचा मजला निवासी म्हणून लागलाय का वाणिज्य म्हणून ते बघा, घरपट्टीत फरक पडतो (आणि एप्रिलमध्ये भरली तर 5 टक्के सूट). कागद कन्नडमध्ये येतो, वाचता येत नसेल तर येणाऱ्याकडनं नावं, आडनावं एकदा तपासून घ्या, नंतर दुरुस्तीला चपला झिजतात.

आता खरं काम, जिना. पेठेतल्या बहुतेक माड्या इथंच अडल्यात कारण जिना दुकानाच्या आतनं आहे, रात्री शटर पडलं की वरचं कुटुंब कोंडलं, चावी दुकानदाराकडं, आणि खाली कापड-प्लास्टिक भरलेलं असताना शॉर्टसर्किट झालं तर उतरायचं कुठनं? असली माडी कुणालाबी भाड्यानं देऊ नका, स्पष्टच सांगतो. वाट दोन तऱ्हेनं निघते. बाजूला बोळ किंवा मागं परडं असेल तर तिथनं लोखंडी जिना, पण आपल्या हद्दीत, सामाईक गटारीवर नाही, आणि कॉर्पोरेशनची परवानगी घेऊन. परडं नसेल तर दुकानातनंच एका भिंतीलगत तीन फुटाची पट्टी काढून रस्त्यावर वेगळं दार. दुकानदार कुरकुर करणार, त्याचा दर्शनी भाग जातो, तेव्हा त्याचं भाडं थोडं कमी करा, वरनं भाडं सुरू झालं की काही महिन्यांत भरून निघतंय.

संडास-न्हाणी फळ्यांच्या माडीवर अजिबात नको, वॉटरप्रूफिंगवाला काहीबी सांगू दे, लाकूड हलतंय आणि सांध्यातनं पाणी खालच्या दुकानात, मग रोज भांडण. परड्याच्या बाजूला आरसीसीचे चार खांब उभे करून त्यावर न्हाणी बांधा म्हणजे पाइप सरळ खाली ड्रेनेजच्या चेंबरला जातो. टाकीबी त्याच स्लॅबवर. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतंय, ते जुन्या तुळयांवर ठेवणारी माणसं मी बघितलीयत, धन्य आहे. तुळया आणि वासे आधी सुताराकडनं ठोकून बघा, वाळवी असेल तर आवाज पोकळ येतो. कौलांचं काम वळीव सुरू व्हायच्या आत, फार तर मृगाच्या आत संपवा, आपल्याकडचा पाऊस काय थांबत नाही.

मीटर वेगळा, हा मुद्दा लोक विसरतात. सगळ्या इमारतीला एकच कमर्शियल मीटर असेल तर वरच्यांना दर जास्त पडतो आणि गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची घरगुती मोफत विजेची योजना, तीबी मिळत नाही. हेस्कॉमकडनं, म्हणजे आपल्याकडच्या वीज कंपनीकडनं, माडीला घरगुती मीटर घेतला की भाडेकरू आपलं आधार आरआर नंबरला (बिलावरचा वीजजोडणीचा नंबर) जोडून 200 युनिटपर्यंतचा फायदा घेऊ शकतो, अर्थात सरासरी वापराच्या हिशेबानं. योजना 2023 च्या जुलैपासनं आहे.

"भाडेकरू उठत नाहीत" ही भीती जुनी, 1961 च्या भाडे कायद्याच्या काळातली. त्याजागी 1999 चा कायदा आलाय. वकिलाकडनं नीट अ‍ॅग्रीमेंट करा, वर्षाच्या वर द्यायचं असेल तर रजिस्टर करावंच लागतं म्हणून लोक 11 महिन्यांचं करतात. डिपॉझिट बेताचं घ्या. आणि चारचाकीवालं कुटुंब शोधू नका, पेठेत गाडी लावायची कुठं, दोन टूव्हीलर सोप्यात, म्हणजे ओसरीत, बसल्या की पुरे.

एकट्यानं होत नाही ते गल्लीतल्या पंचांना धरून करा. कचऱ्याची गाडी दुकानं उघडायच्या आत यावी, माल उतरवायच्या टेम्पोला वेळ ठरावी, बोळातला दिवा चालू असावा. पाच-सहा माड्यांच्या मालकांनी एकत्र अर्ज दिला की नगरसेवकाला टाळता येत नाही, रिकाम्या गल्लीत मतं नसतात हे त्यालाबी कळतंय.

शेवटचं, भाडेकरूला आवाजाचं आधीच सांगा. शिवजयंतीचे चित्ररथ आणि गणपतीची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, झोप विसरायची. आणि त्या रात्री गॅलरीत तुमचे पावणे बसणार का त्यांचे, ते अ‍ॅग्रीमेंट करतानाच ठरवून टाका.