जुन्या फ्रंट स्पीकरशी नवा सेंटर कसा जुळवावा

जुन्या होम थिएटरला नवा सेंटर, म्हणजे संवादांसाठीचा मधला स्पीकर, जोडला की एक तक्रार हमखास येते. मोटार पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाते आणि मधेच तिचं इंजिन बदलल्यासारखं वाटतं. दोष नव्या स्पीकरवर जातो, पण खानदेशात आधी फ्रंटच्या, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरच्या, जुन्या जोडीची तब्येत बघावी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि वर कूलरची दमट हवा. दहा-बारा उन्हाळे असे काढलेला स्पीकर नवा असताना वाजायचा तसा वाजत नाही.

वूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या गोल भागाच्या, कडेची रिंग फोमची असेल तर बोटाने हलकेच दाबा. बोटाला काळी भुकटी किंवा चिकटा लागला तर फोम गेला. कोन (वूफरचा शंकूसारखा पडदा) आणि मॅग्नेट चांगले असतील तर रिकोनिंग, म्हणजे स्पीकरची दुरुस्ती, करणारा कारागीर फक्त रिंग बदलून देतो. मग रिसिव्हरवर (सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर) मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज, लावून बातम्या चालू करा आणि बॅलन्स एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे न्या. दोन्ही फ्रंटच एकमेकांशी जुळत नसतील तर सेंटर कोणाशी जुळवणार? एक बाजू मंद वाटली तर बहुधा ट्वीटरमधलं (बारीक आवाजाचा छोटा भाग) फेरोफ्लुइड हे चुंबकीय तेल घट्ट झालेलं असतं, किंवा बास आणि बारीक आवाज वेगळे करणाऱ्या आतल्या क्रॉसओव्हर सर्किटचा कपॅसिटर वाळलेला असतो. कपॅसिटर नॉन-पोलर (प्लस-मायनस नसलेला), तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त असा घ्या, आणि दोन्ही स्पीकरचे एकदमच बदला.

खरेदीआधी एक फुकटचा प्रयोग करा. रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर 'नाही' करा, म्हणजे संवाद दोन्ही फ्रंटमधून येतात. घरात दोघं-तिघंच मधोमध बसून बघत असतील तर एवढ्यावरही भागतं. कडेला बसणारे असतील तर सेंटर हवाच.

निवडताना त्याच कंपनीची तीच मालिका मिळाली तर दुसरं काही शोधू नका. नाही मिळाली तर ट्वीटरची जात जुळवा: रेशमी डोमला रेशमी, धातूच्या डोमला धातूचा, हॉर्नला हॉर्न. वूफरचा आकार त्यामानाने कमी महत्त्वाचा. जुन्याच मॉडेलची सेकंडहँड जोडी मिळाली आणि टीव्हीखाली जागा असली तर त्यातला एक उभा ठेवून सेंटर करा. आडव्या सेंटरपेक्षा तो कधीही सरस. दुकान जळगावच्या गोलाणी मार्केटातलं असो की धुळ्यातलं, घरचा एक फ्रंट सोबत घेऊन जा आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐका.

ओहमकडे दुर्लक्ष नको. रिसिव्हरवर 6 ते 16 ओहम लिहिलं असेल आणि सेंटर 4 ओहमचा असेल, तर उन्हाळ्यात रिसिव्हर तापून प्रोटेक्शनमध्ये जाऊ शकतो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. एकाच खोक्यात आलेल्या जुन्या सेटचं याच्या उलट असतं. ते अँप्लिफायर बरेचदा 3-4 ओहमसाठी बनवलेले असतात. 8 ओहमचा सेंटर लावला तर काही बिघडत नाही, पण ताकद साधारण निम्मी मिळते. मल्टीमीटरवर 8 ओहमचा स्पीकर 5.5 ते 7 दाखवतो, त्याने घाबरू नका. सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते) फ्रंटची 90 आणि सेंटरची 86 डेसिबल असेल तर 4 डेसिबलची भर लेव्हलमध्ये घालता येते, मात्र तेवढ्यासाठी सेंटरला अडीचपट ताकद लागते.

जोडणीपूर्वी वायरची टोकं बघा. काळी-हिरवी पडली असतील तर कापून नवं तांबं काढा. जुन्या जोडीची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस बरोबर आहे का ते, तपासायला वायर रिसिव्हरपासून सोडवा आणि 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लस लाल टर्मिनलला असताना वूफरचा कोन बाहेर आला पाहिजे. एखादा उलटा असेल तर बास पातळ होतो आणि आवाज कुठून येतोय ते कळत नाही.

सेंटर शोकेसच्या कप्प्यात आत ढकलला की पुरुषांचे आवाज घुमतात. त्याचं तोंड फळीच्या कडेला आणा आणि खाली रबराचा तुकडा देऊन ट्वीटर कानाच्या दिशेने करा. फरशी उघडी असेल तर टीव्ही आणि बैठकीच्या मधे सतरंजी किंवा गोधडी अंथरा. सेटिंगच्या निम्म्या कटकटी तिथेच मिटतात.

आता सेटिंग. सबवूफर असेल तर तिन्ही स्पीकर 'स्मॉल' आणि रिसिव्हरचा क्रॉसओव्हर 80 हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बास सबवूफरकडे जातो. सेंटरचा वूफर 4 इंची असेल तर 100 किंवा 120. बैठकीपासून प्रत्येक स्पीकरचं अंतर टेपने मोजून भरा. टेस्ट टोन लावून, आवाज मोजणारा मीटर कानाच्या उंचीवर धरून प्रत्येक स्पीकर 75 डेसिबलला आणा. या वेळी कूलर आणि पंखा बंद हवेत, नाहीतर मीटर त्यांचाच आवाज मोजेल. उन्हाळ्यात कूलर चालू ठेवून बघताना संवाद बुडतात, तेव्हा सेंटर 2 डेसिबलने वर घ्या.

शेवटी टोन डावा-मधला-उजवा असा फिरवत डोळे मिटून ऐका. फ्रंटमधून 'श्श' आणि सेंटरमधून 'स्स' येत असेल तर सेंटर तिखट आहे. त्याच चॅनेलच्या इक्वलायझरमध्ये 4 किलोहर्ट्झ एक-दोन डेसिबलने उतरवा आणि पुन्हा ऐका. तिघांचा 'श्श' एक होईपर्यंत अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने पुढे जा.