गोमुखच्या वाटेवर फोटो काढताना

गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात भागीरथी शिखरांचा फोटो काढला की बर्फ हमखास मळकट येतो. समोर लख्ख पांढरं दिसलं की कॅमेऱ्याला उजेड जास्त झाल्यासारखा वाटतो आणि तो फोटो काळवंडवतो. म्हणून कॅमेऱ्यातलं एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा कमी-जास्त करायची सोय, +०.७ ते +१ ठेवा. मोबाइलवर बर्फावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह किंचित वर सरकवा. फार नको, नाहीतर बर्फावरच्या भेगा, सुरकुत्या सगळ्या पुसल्या जातात.

गोमुखची हिमनदी मात्र मुळातच दगडमातीने झाकलेली, करडी. तिथे मुखाजवळचा निळसर बर्फ टिपा, पण लांबूनच. बर्फाचे कडे कोसळतात. झूम असतो कशाला? गोमुखच्या अलीकडच्या भोजबासाला मुक्काम असेल तर मावळतीचं ऊन शिखरांवर चढेपर्यंत जेवायला जाऊ नका. जादा बॅटरी आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती भराभर उतरते.