मोठ्या अजगराच्या पिंजऱ्यात ऊब नीट कशी द्यावी

बर्मी अजगर, रेटिक्युलेटेड अजगर किंवा मोठा बोआ असेल तर पिंजरा लाकडी वा पीव्हीसीचा घ्या. काचेत आणि जाळीच्या झाकणाखाली ऊब टिकत नाही. उबेला बसायची जागा ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, दुसरं टोक २५ ते २७. लपायची जागा दोन्हीकडे.

हीट रॉक, म्हणजे विजेवर तापणारा नकली दगड, आणूच नका. खालून तापणारी मॅटही जड सापाला नको. १५-२० किलोचं अंग वर पडलं की उष्णतेला वाट मिळत नाही, तेवढीच जागा तापत जाते आणि पोटाकडचे खवले भाजतात. चटका बसला की साप उठून जाईल, या भरवशावर राहू नका. पुष्कळदा तो तसाच पडून राहतो.

छताला रेडियंट हीट पॅनेल, म्हणजे खाली ऊब सोडणारी विजेची सपाट पाटी, लावा. वेटोळं घालून बसलेला अख्खा साप त्याखाली मावला पाहिजे. ऊब लहानशा जागेवरच पडली, तर उरलेलं अंग गार राहतं म्हणून साप तिथून हलत नाही, आणि पाठीचा एकच पट्टा भाजून निघतो. एक पॅनेल पुरत नसेल तर दोन शेजारी-शेजारी लावा. एकूण वॉट थर्मोस्टॅटला (पॅनेलची वीज आवरून तापमान ठरल्या जागी ठेवणाऱ्या यंत्राला) झेपतात ना, हे आधी पाहा.

आता प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटचं तापमान मोजणारं वायरीचं टोक. सगळा घोळ इथे होतो. प्रोब तळावर मोकळा सोडा, असं सर्रास सांगितलं जातं. ते साफ चूक आहे. साप तो गार कोपऱ्यात ढकलतो किंवा त्यावर पाणी सांडतं. प्रोबला गारवा लागतो आणि थर्मोस्टॅट पॅनेल पूर्ण जोरात चालवत राहतो. प्रोब पॅनेलखालच्या भिंतीवर स्क्रूच्या केबल क्लिपने पक्का बसवा, वायरीला ढील ठेवू नका. चिकटपट्टी पिंजऱ्यात कधीही नको: सुटली की कातडीला चिकटते, आणि ओढून काढताना खवले सोलवटतात.

भिंतीवरच्या प्रोबचा आकडा म्हणजे सापाला लागणारी ऊब नव्हे. साप आत सोडण्याआधी दोन दिवस जुळवणी करा. तळावर मोजून थांबू नका. वेटोळं २० सेंटिमीटर उंच असेल, तर पाठ पॅनेलच्या तेवढी जवळ असते. म्हणून माथा तेवढ्या उंचीवर येईल अशी एक वीट रचा आणि तासाभराने तिच्या माथ्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. ३३ च्या वर गेलं तर थर्मोस्टॅट एक अंश उतरवा, पुन्हा तासभर थांबा. शेवटी थर्मोस्टॅटवर २९ आणि विटेवर ३२ असं दिसलं, तरी बिचकू नका. विटेवरचा आकडा खरा धरा.

थर्मोस्टॅट नुसता चालू-बंद करणारा नको, वीज कमी-जास्त करणारा घ्या. त्याच्या आधी, प्लगच्या बाजूला, दुसरा थर्मोस्टॅट, स्वतंत्र प्रोबचा, ३ अंश वर लावलेला ठेवा. पहिला अडकला तर तो वीज तोडेल.

पॅनेलला उजेड नसतो, त्यामुळे रात्रीही चालू द्या. २४ च्या खाली उतरू देऊ नका; गारठ्यात भक्ष्य पचत नाही, साप ते ओकून टाकतो.

साप आत रुळल्यावर आठवड्यातून एकदा थर्मामीटर थेट त्याच्या पाठीवर धरून पाहा.