पक्षाघातानंतरचे पहिले काही आठवडे : व्यायाम कसा करून घ्यावा

रुग्णाला लवकर उठवावं, पण घाईने नाही. पहिल्या २४ तासांत तर मुळीच हट्ट धरू नये. अव्हर्ट नावाच्या मोठ्या चाचणीत ५ देशांतल्या २,१०४ रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या २४ तासांत उठवायला सुरुवात करून वारंवार, जास्त वेळ हालचाल करून घेतलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा कमी चांगली होती. त्याच आकडेवारीच्या पुढच्या विश्लेषणात मात्र थोडा थोडा वेळ पण अधिक वेळा केलेली हालचाल फायद्याची दिसली. म्हणून डॉक्टरांनी उठवायला परवानगी दिली, की एकदम तासभर दमवण्यापेक्षा पाच-दहा मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या ठेवा. परवानगी कधी मिळेल हे रक्तदाबावर, आणि झटका रक्ताच्या गुठळीमुळे आला की रक्तस्रावामुळे यावर ठरतं. तो निर्णय घरी घेऊ नका.

पहिल्यांदा बसवताना आधी पडून असताना रक्तदाब मोजा, मग पलंगाचं डोकं हळूहळू उंच करा आणि बसवल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, घाम फुटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आडवं करा. छातीत दुखणं, धाप, अचानक तीव्र डोकेदुखी, नव्याने तोंड वाकडं होणं किंवा बोलणं अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर व्यायाम थांबवून तातडीने वैद्यकीय मदत घ्या. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू नका. शिरेत गुठळी असू शकते, ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. आणखी एक : गिळण्याची तपासणी होईपर्यंत मध्येच घोटभर पाणीही देऊ नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

पडून असतानाची स्थिती हाही उपचारच आहे. साधारण दर दोन तासांनी कूस बदला. उताणं झोपवलं तर बाधित (लुळ्या पडलेल्या बाजूच्या) खांद्याच्या फऱ्याखाली, म्हणजे मागच्या पसरट हाडाखाली, आणि पूर्ण हाताखाली उशी, तळवा उघडा. गुडघ्याखाली तासन्‌तास उशी ठेवू नका, गुडघा वाकलेलाच आखडतो. टाच गादीवर दाबली जाणार नाही, हेही बघा. बाधित कुशीवर झोपवताना खांद्याच्या टोकावर भार येऊ देऊ नका. फऱ्यामागे हात घालून तो हलकेच पुढे घ्या, दंड धरून ओढू नका.

खांद्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. खांद्याची खोबण उथळ असते आणि दंडाच्या हाडाचा गोळा मुख्यतः स्नायूंनी धरलेला असतो. ते स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानेच गोळा खाली सरकतो. अशा वेळी कोणी काखेत हात घालून उचललं किंवा मनगट धरून ओढलं, की सांध्याभोवतीचं वेष्टण ताणलं जातं आणि महिनोन्‌महिने टिकणारं दुखणं मागे लागतं. मग रुग्ण हात हलवू देत नाही आणि पुढचे सगळे व्यायाम अडतात. म्हणून घरात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा : हात ओढायचा नाही. दुसऱ्याने हात वर न्यायचा तर दंड आणि मनगट दोन्हीकडे आधार देऊन, खांद्याच्या पातळीपर्यंतच. त्याहून वर नेताना फरा फिरावा लागतो, दंडही बाहेरच्या दिशेला वळलेला असावा लागतो. ते फिजिओथेरपिस्टकडून शिकल्याशिवाय करू नका. डोक्यावरून ओढायची कप्पी तर सुरुवातीला टाळाच. बसलेलं असताना हात मांडीवरून लोंबकळू न देता उशीवर किंवा टेबलावर ठेवा.

पलंगावरचा पहिला उपयोगी व्यायाम म्हणजे कंबर उचलणं. उताणं झोपून दोन्ही गुडघे वाकवा, पावलं टेकवा. बाधित गुडघा बाहेर पडतो, म्हणून मदतनीसाने गुडघा आणि पाऊल धरावं. कंबर उचलून ३ ते ५ सेकंद धरा, हळू खाली आणा, असं ५ ते ८ वेळा. श्वास रोखू देऊ नका, रक्तदाब चढतो. आकडे मोठ्याने मोजायला लावले की श्वास आपोआप चालू राहतो. चांगला पायच सगळं काम करतोय असं दिसलं, तर त्याचं पाऊल थोडं पुढे सरकवा. मग बाधित पायाला भार घ्यावाच लागतो.

पलंगाच्या कडेला बसवताना दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली हवीत. पाय लटकत असतील तर तोल सापडत नाही. मग चांगल्या हाताने समोरची वस्तू, हात पोहोचेल त्याच्या किंचित पलीकडे ठेवून, घ्यायला सांगा. आधी समोर, नंतर बाधित बाजूला. बाधित बाजूकडे लक्षच जात नसेल तर बोलताना त्याच बाजूला बसा.

यानंतर येतं बसून उठणं. वेळ कमी असेल तर बाकी काही सोडा, हे सोडू नका. खुर्ची हातांची, न घसरणारी, गुडघ्यापेक्षा थोडी उंच घ्या. जमू लागलं की उंची कमी करत जा. कडेला सरकून पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, बाधित पाऊल दुसऱ्यापेक्षा मागे राहू दे. नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकायचं, मग उठायचं. बहुतेकांचं चुकतं ते इथेच : पाय पुढे पसरलेले आणि पाठ मागे, मग मदतनीस ओढतो. तुम्ही बाधित बाजूला उभे राहा, कमरेला बांधलेला रुंद पट्टा धरा, गुडघा दुमडत असेल तर स्वतःच्या गुडघ्याने समोरून अडवा. गुडघा मागे ताणून लॉक होऊ देऊ नका. खाली बसणं उठण्यापेक्षा हळू हवं, धप्पकन नाही. एका फेरीत पाच, दिवसातून तीन-चार फेऱ्या, आणि दम टिकेल तसं वाढवत जा.

हाताला नुसता चेंडू दाबायला देणं ही जुनी सवय आहे. बोटं आधीच मुठीकडे वळू लागली असतील तर त्यांना उघडण्याचा सराव हवा. टेबलावर टॉवेल ठेवून तो तळव्याने पुढे सरकवणं, पेला पकडून सोडणं, कप एका जागेवरून दुसरीकडे नेणं हे प्रयत्न थोडे थोडे करून दिवसभरात शेकड्याने व्हायला हवेत. नजर हातावरच असावी.

चालणं मात्र, उभं राहून भार एका पायावरून दुसऱ्यावर घेता यायला लागल्यावरच. पाऊल लोंबत असेल तर बोटं अडकून पडण्याचा धोका असतो, तिथे आधाराचा स्प्लिंट लागतो. सैल सपाता नकोत, मागून बंद बूट घाला.

मेंदूला आलेला थकवा आळस समजू नका. सकाळी पूर्ण जमलेलं काम दुपारी बिघडलं तर फेरी थांबवा, विश्रांती घेऊन मग करा. बोलणं कळायला अडचण असेल तर एका वेळी एकच छोटी सूचना द्या, स्वतः करून दाखवा. वहीत रोज उठण्याची संख्या, लागलेली मदत आणि खांदा दुखला का, एवढं लिहा. पुढच्या भेटीत व्यायाम वाढवायचे की बदलायचे, हे फिजिओथेरपिस्टला त्या नोंदींवरून ठरवता येतं.