पॅरिसमध्ये सुट्टीच्या एका दिवसात तीन जुने सिनेमे कसे पाहावेत

पॅरिसच्या थिएटरांचा आठवडा बुधवारी सुरू होऊन मंगळवारी संपतो, म्हणून शनिवार-रविवारचा बेत बुधवारचं वेळापत्रक पाहिल्यावरच पक्का करा. मुक्काम लॅटिन क्वार्टर या भागातच ठेवा. तिथल्या रू शाँपोलियों या चिंचोळ्या गल्लीत रफ्ले मेदिसिस आणि फिल्मोतेक ही दोन थिएटरं आहेत, कोपऱ्यावर १९३८ पासून चालू असलेलं ल शाँपो. क्लूनी-ला सोरबोन मेट्रो स्टेशनवरून चालत पाचेक मिनिटं. बेर्सी भागातलं सिनेमातेक फ्राँसेझ (जुने सिनेमे जपणारी आणि दाखवणारी संस्था) वेगळ्या दिवशी करा, आणि तेही मंगळवार सोडून.

आता खरी अडचण: भाषा. वेळापत्रकात सिनेमापुढे ‘व्हीओ’ दिसलं की लोक निर्धास्त होतात. व्हीओ म्हणजे मूळ भाषेतला आवाज, एवढंच. खाली सबटायटल असतात फ्रेंचमध्ये. जपानी किंवा इटालियन सिनेमा लागला तर कानाला एक परकी भाषा आणि डोळ्यांना दुसरी. त्याहून फसवा प्रकार म्हणजे जुने फ्रेंच सिनेमे. तिथे प्रेक्षक फ्रेंचच, त्यामुळे सबटायटल बहुधा नसतातच. ‘व्हीएफ’ म्हणजे फ्रेंचमध्ये डब केलेला. तो सरळ वगळा. “क्लासिक आहे, चित्रांवरून कळेल” हा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. संवादांवर उभा असलेला दोन तासांचा सिनेमा चित्रांवरून कळत नाही, आणि उत्तम कलाकृती कंटाळवाणी वाटून कायमची मनातून उतरते.

फ्रेंच येत नसेल तर दोनच गोष्टी निवडा. एक, व्हीओतले अमेरिकन किंवा ब्रिटिश सिनेमे. इंग्रजी नुसतं ऐकून समजावं लागतं, म्हणून भराभर बोलणाऱ्या विनोदी सिनेमापेक्षा रहस्यपट किंवा वेस्टर्न घ्या. दोन, मूकपट. आव्हन्यू दे गोबलँ या रस्त्यावर २०१४ साली उघडलेल्या सेदू-पाथे फाउंडेशनच्या छोट्या थिएटरात ते पियानोच्या साथीने दाखवतात. मधल्या मजकुराच्या पाट्या फ्रेंच असल्या तरी मोजक्या असतात. फ्रेंच सिनेमाच हवा असेल तर ‘लॉस्ट इन फ्रेंचलेशन’ या संस्थेचे इंग्रजी सबटायटलचे खेळ शोधा.

मूकपट किती वेळ चालेल हे इंटरनेटवरून घेऊ नका, कारण तो दाखवण्याचा वेग ठरलेला नसतो. ३५ मिमी फिल्मची १००० फुटांची रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या (चित्रांच्या) वेगाने ११ मिनिटं चालते, १६ च्या वेगाने जवळजवळ १७. एकच सिनेमा दीडपट लांबतो आणि पुढचा खेळ हुकतो. थिएटरने स्वतः छापलेलीच वेळ धरा.

दोन खेळांमध्ये किमान पाऊण तास ठेवा आणि त्यातच जेवून घ्या. भरपेट जेवण मात्र तिसऱ्या सिनेमानंतर. सगळ्यांत लांब, संथ सिनेमा सकाळी. दुपारी जेवणानंतर तो लावला तर झोप लागणारच. चौथा सिनेमा घेऊ नका, पहिला आठवेनासा होतो.

खुर्च्यांना बहुधा नंबर नसतात. वीस मिनिटं आधी रांगेत लागा. थिएटरच्या खोल्या लहान, उतार कमी, त्यामुळे मागची रांग ‘चांगली’ समजून पकडली तर पुढच्यांची डोकी पडद्याचा तळ खातात. तिसरी-चौथी रांग, मधोमध.