खाऱ्या हवेत दणकट मल्टिटूल: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

वेंगुर्ल्याच्या आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, फक्त रात्री ऐकू येतो. तरी खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी घासून रंगवावे लागतात. अशा घरात मी माझं पहिलं महागडं मल्टिटूल, म्हणजे पक्कड, चाकू, पेचकस अशी हत्यारं एकत्र असलेलं घडीचं टूल, जूनमध्ये चामड्याच्या पाऊचसकट कपाटात ठेवलं, आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात माटवीची (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीची) तार वाकवायला बाहेर काढलं. पाऊचवर पांढरी बुरशी आली होती, पक्कड अर्धी उघडून अडकली होती आणि पात्याच्या मुळाशी तपकिरी टिपके होते. तीन महिने त्या टूलला कोणाचा हातसुद्धा लागला नव्हता.

त्यानंतर वाडीत, स्कूटरच्या डिकीत आणि मित्राच्या होडीवर वेगवेगळी टूल्स वापरून झाली. आता कोणी विचारलं, "सगळ्यात दणकट कुठलं?" तर मी आधी विचारतो, "ते धुऊन सुकवणार कोण?" आपल्या किनाऱ्यावर ही टूल्स ताकद कमी पडून फार थोडी मोडतात. मीठ आणि चुकीचं काम, या दोन गोष्टींनी जातात.

चूक: वजन पाहून टूल निवडणं

टिम लेदरमन १९७५ साली बायकोसोबत जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी सारखी बंद पडायची, आणि खिशातल्या स्काउट चाकूला पक्कड नसल्यामुळे त्याचं अडायचं. तिथून सुरू झालेल्या खटपटीचं टूल १९८३ मध्ये बाजारात आलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण मल्टिटूल हे पेटी जवळ नसतानाचं हत्यार आहे. जे अंगावर बाळगलं जात नाही ते कितीही दणकट असलं तरी कामाचं नाही.

आता आकडे बघा. त्याच्या लेदरमन कंपनीची चार टूल्स घ्या. सर्ज साधारण ३५५ ग्रॅमचं, मिटल्यावर साडेअकरा सेंटिमीटर. सुपर टूल ३०० साधारण २७० ग्रॅम. वेव्ह प्लस २४० ग्रॅम आणि मिटल्यावर दहा सेंटिमीटर. रिबार १९० ग्रॅम. व्हिक्टोरिनॉक्सचं मोठं स्विसटूल पावणेतीनशेच्या पुढे, तर त्याचंच धाकटं भावंड स्पिरिट दोनशेच्या थोडं वर. बर्म्युडाच्या खिशात सर्ज टाकून माडाच्या बुंध्याशी चारदा वाका-उठा, मग ते घरीच राहायला लागतं. सर्जची पक्कड मोठी आहे, कात्री खरोखर कामाची आहे, करवत आणि कानस बदलता येतात. होडीवर किंवा पंपघरात जागच्या जागी ठेवायला मी तेच घेईन. रोज कमरेला लावायला मात्र वेव्ह प्लस किंवा स्पिरिट.

वजनापेक्षा जास्त फरक पडतो तो टूल उघडण्याच्या पद्धतीने, आणि दुकानात नेमकं तेच कोणी करून बघत नाही. सर्ज आणि वेव्हची पाती बाहेरच्या बाजूला असतात, हँडल न उघडता एका हाताने निघतात. सुपर टूल आणि रिबारला आधी हँडल उघडावी लागतात, मग आतलं पातं निघतं. एका हातात दोरी असताना आणि होडी हलत असताना हा फरक फार मोठा आहे. स्विसटूलची सगळी हत्यारं बाहेरून निघतात आणि प्रत्येक लॉक होतं. बांधणी माझ्या मते सगळ्यांत नीटस, पण नखाने ओढायच्या खाचा मासळीने बुळबुळीत झालेल्या बोटांना दाद देत नाहीत. गर्बरच्या एमपी ६०० ची पक्कड मनगटाच्या झटक्याने पुढे सरकून येते, एका हाताला यासारखी सोय नाही. मात्र सरकत्या खाचेत वाळू गेली की ती खरखरते, त्यामुळे पुळणीवर वावरणाऱ्याने ती जास्त वेळा धुवायला हवी.

होडीसाठी आणखी एक गोष्ट पाहा. दातेरी पातं हवंच. ओली नायलॉनची दोरी साध्या पात्यावरून घसरते, दातेरी पातं ती धरून कापतं. आणि टूलला दोरी बांधायला कडी असावी, कारण पाण्यात पडलेलं टूल परत मिळत नाही.

चूक: "स्टेनलेस आहे, गंजणार नाही"

ही सर्वांत महाग पडणारी चूक. घरातलं स्टीलचं पातेलं वर्षानुवर्षं गंजत नाही, मग हे का गंजतं? कारण दोन्ही स्टील वेगळी. पातेल्याच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. मल्टिटूलच्या पात्याला धार धरायची असते, म्हणून त्यात कार्बन जास्त घालून ते कडक करतात. लेदरमन वापरतो त्या ४२०एचसी स्टीलमध्ये क्रोमियम साधारण १३ टक्के, निकेल जवळजवळ नाहीच. क्रोमियमचा जो पातळ थर स्टीलला गंजापासून वाचवतो, तो मिठातलं क्लोराइड जागोजागी भेदतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी सांध्यात शिरून सुकलं की क्षार आतच राहतात, दमट हवेत पुन्हा ओलावा ओढतात आणि खड्डे पडायला लागतात. म्हणूनच गंज सपाट पात्यावर कमी आणि सांध्यात, बिटच्या (पेचकसाच्या बदलत्या टोकाच्या) खाचेत, स्प्रिंगखाली जास्त दिसतो.

मग भारी स्टीलचं पातं घ्यावं का? लेदरमन आर्कमध्ये मॅग्नाकट स्टीलचं पातं येतं, ते गंजाला खरंच चांगलं तोंड देतं. पण पक्कड, पेचकस आणि स्प्रिंगा त्या स्टीलच्या नसतात, आणि अडकतात त्याच. काळ्या रंगाचं टूल घेतानाही हाच विचार करा. ब्लॅक ऑक्साइडचा थर पातळ असतो, तेलाशिवाय तो फारसं रक्षण करत नाही, आणि घासला गेला की तिथून तांबेरा धरतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने साधं चकचकीत स्टीलच घ्यावं. त्यावरचा पहिला टिपका लगेच दिसतो, हाच त्याचा फायदा.

चूक: चिंच-मीठ, खोबरेल आणि चामडं

देवाची पितळी भांडी चिंच-मिठाने लख्ख होतात, म्हणून आमच्याकडे कोणत्याही डागावर तोच हात फिरतो. स्टीलच्या टूलवर आंबट आणि मीठ एकत्र लावणं म्हणजे गंजाला आवतण. हलका तांबेरा असेल तर खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट आणि जुना टूथब्रश पुरतो. लोखंडी तारेच्या घासणीने घासू नका, तिचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच आधी गंजतात. नायलॉनची हिरवी घासणी चालते.

खोबरेल घरोघर असतं म्हणून तेच सांध्यात सोडलं जातं. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडेही. शिवाय धूळ धरून काही महिन्यांत चिकट होतं आणि खवट वास येतो तो वेगळाच. त्यापेक्षा शिवणयंत्राचं तेल प्रत्येक सांध्याला एकच थेंब. ज्या पात्याने आंबा किंवा मासळी कापता, त्यावर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन पुसा.

धुण्याची पद्धत सांगतो, कारण चुका इथेच होतात. सगळी हत्यारं अर्धी-अर्धी उघडा. गोड्या कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटं बुडवा, पाण्यातच पक्कड दहा-बारा वेळा उघड-मीट करा. मग स्वच्छ पाण्याने खळखळून धुवा, झटका, फडक्याने पुसा आणि पंख्याखाली तासभर उघडंच ठेवा. पूर्ण सुकल्यावरच तेल. ओल्या सांध्यावर तेल घातलं तर पाणी आतच कोंडतं. होडीवरून आलात तर त्याच संध्याकाळी, वाडीतल्या कामाला आठवड्यातून एकदा. काजूच्या ओल्या बिया किंवा कच्च्या आंब्याचा चीक लागला असेल तर सुकायच्या आत धुवा. काजूच्या सालीतलं तेल कातडीवर फोड आणतं, ते हँडलवर राहिलं तर दुसऱ्या दिवशी हातालाच लागेल.

पावसाळ्यात टूल पाऊचमध्ये ठेवू नका, चामड्याच्या तर नाहीच. चामडं ओल धरतं, आणि नायलॉनचा पाऊच खारं पाणी. तेल लावून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. माझं दुसरं टूल तीन पावसाळे असंच काढतंय.

चूक: गळ आणि क्लच वायर कापणं

पकडीच्या आतल्या कटरला काय कापता येतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. तांब्याची वायर, बांधायची मऊ तार, सुतळी, ठीक. मोठा गळ कडक पोलादाचा असतो, आणि मोटरसायकलची क्लच वायर म्हणजे कडक तारांचा पीळ. त्या कापायला गेलात की कटरला दात पडतात, आणि पुढे साधी वायरही नीट कापली जात नाही. कापावंच लागलं तर सांध्याजवळची, कडक तारेसाठीची खाच वापरा, टोक डोळ्यांपासून दूर धरा, आणि टूल पिळू नका. वेव्ह प्लस, सर्ज, सुपर टूल ३०० आणि रिबारचे कटर स्क्रू काढून बदलता येतात. होडीवर असणाऱ्याने याच एका गोष्टीसाठी ही टूल्स आधी बघावीत.

नटाचंही तसंच. आमच्या गल्लीतल्या मेस्त्रीने मला स्कूटरचा नट मल्टिटूलने पिळताना पाहिलं आणि ओरडला, "नटाचे कोने खातलंस रे! दहाचो पानो हाड!" बरोबर होतं त्याचं. पकडीचे जबडे समांतर मिटत नाहीत, घट्ट नटाचे कोपरे झिजतात आणि मग पानाही लागत नाही. जोर आडवा पडला तर जबड्याचं टोक तुटतं. सैल झालेला नट घरी पोहोचेपर्यंत आवळायला टूल ठीक, गंजलेला सोडवायला नाही. पात्याने डब्याचं झाकण उचकटणं आणि शहाळं फोडणं हेही याच जातीचं. त्याला कोयता आहे.

चूक: "लाइट गेलीय, वायर कापतो"

इथे टूल नाही, माणूस जातो. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडकडे किती दिवस वीज नव्हती हे आपल्याला ठाऊक आहे, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वेळी अंगणात पडलेली तार बाजूला करायला हात शिवशिवतात. मल्टिटूलची हँडल धातूची असतात, त्यांवर विजेपासून वाचवणारं काही नसतं. काहींवर रबराची पट्टी असते ती पकडीसाठी, विजेसाठी नव्हे. गावात वीज नसली तरी शेजारच्या घरातला चुकीचा जोडलेला जनरेटर किंवा इन्व्हर्टर त्याच तारेत उलटा २३० व्होल्ट सोडू शकतो. वीज केव्हाही परत येते, ती सांगून येत नाही. पडलेल्या तारेपासून लांब राहा, पोरांना आणि गुरांना लांब ठेवा आणि महावितरणला कळवा. घरातल्या बोर्डाचं काम असेल तर मेन बंद, टेस्टरने तपासणी, कोरड्या चपला आणि इन्सुलेटेड पेचकस. मल्टिटूल खिशातच राहू दे.

अडलं तर काय करावं

पक्कड उघडत नसेल तर हातोडी मारू नका. गंज सोडवणारा स्प्रे सांध्यात मारून रात्रभर ठेवा, सकाळी फडक्यात धरून थोडं-थोडं हलवा. तपकिरी पाणी बाहेर येईल, ते येणं थांबेपर्यंत स्प्रे आणि हलवणं चालू ठेवा. शेवटी साबणाने धुऊन शिवणयंत्राचं तेल, कारण असा स्प्रे वंगण म्हणून फार टिकत नाही. माझं पहिलं टूल याच पद्धतीने तिसऱ्या दिवशी उघडलं. खड्डे तसेच आहेत, पण आजही ते पंपघरात कामाला आहे.

बिट खाचेत अडकली असेल तर तोच उपाय. बिटचं स्टील टूलपेक्षा लवकर गंजतं, म्हणून महिन्यातून एकदा ती काढून पुसा.

पातं डुगडुगत असेल तर सांध्याचा स्क्रू टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाच्या) किल्लीने एक अष्टमांश वळण आवळा, उघडून बघा, मग पुन्हा. एकदम आवळलं तर पातं उघडायला दोन्ही हात लागतील.

लॉकचा 'टक्' आवाज येत नसेल तर बहुतेक वेळा आत वाळू असते. गोड्या पाण्याच्या जोरदार धारेखाली धरा, टूथब्रशने लॉकच्या पट्टीमागचा भाग साफ करा. सुकवून मग उलट्या बाजूने पात्याच्या पाठीवर अंगठ्याने हलका दाब द्या, बोटं पात्याच्या वाटेत नकोत. तरीही मिटत असेल तर ते पातं वापरू नका, टूल कंपनीच्या सर्व्हिसला पाठवा. लेदरमनची वॉरंटी २५ वर्षांची आहे, मात्र रस्त्यावरच्या स्वस्त नकलेला ती लागू नाही. आणि ते घेऊन चिपी किंवा मोपाहून विमानाने जाणार असाल तर टूल चेक-इन सामानात टाका, हातातल्या पिशवीतलं सुरक्षा तपासणीत काढून घेतात.