लिथोग्राफ व्यक्तिचित्र विकत घेण्याआधी कसे तपासावे

आवडत्या चित्रकाराचं मूळ चित्र आवाक्याबाहेरचं असतं, म्हणून त्याने केलेल्या व्यक्तिचित्राची ‘लिमिटेड एडिशन लिथोग्राफ’ प्रिंट घ्यायचं ठरतं. विक्रेता पहिल्यांदा कोपऱ्यातला आकडा दाखवतो: २३/५०. तो सगळ्यात शेवटी बघा. आधी शाई बघायची.

त्यासाठी प्रिंट फ्रेममधून बाहेर काढायला सांगा. ‘फ्रेम उघडता येत नाही’ असं उत्तर आलं, तर मी तिथूनच परत फिरतो.

आता दहापट मोठं दाखवणारं भिंग चेहऱ्यावर, गालाच्या सावलीपाशी धरा. लिथोग्राफी म्हणजे आपली शिळाछाप. आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डरने १७९६ च्या सुमारास ती शोधली. तेल आणि पाण्याचं जमत नाही, एवढ्यावरच ती उभी आहे. घासून सपाट केलेल्या चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढतात आणि डिंकात थोडं आम्ल घालून त्यावर फिरवतात. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना धरते. दगडाचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असतो आणि खडू त्याच्या बारीक टोकांवरच बसतो. म्हणून भिंगाखाली गालाची सावली वेड्यावाकड्या कणांची दिसते, कुठे दाट, कुठे विरळ. पातळ शाईचा ब्रश फिरवला असेल, तर सुकलेल्या डबक्याच्या तळासारखी नाजूक जाळी उमटते.

त्याऐवजी निळे, किरमिजी, पिवळे, काळे टिंब शिस्तीत फुलासारखे मांडलेले दिसले, तर ती चित्राच्या फोटोवरून ऑफसेटवर छापलेली नक्कल. गंमत म्हणजे ऑफसेट हीसुद्धा लिथोग्राफीच, त्यामुळे ‘लिथोग्राफ’ म्हणणारा विक्रेता खोटं बोलत नसतो! म्हणून प्रश्न असा विचारा: दगडावर किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटवर रेघ कोणी ओढली? चित्रकाराने स्वतः, की त्याच्या चित्रावरून छापखान्यातल्या निष्णात कारागिराने? दुसरं उत्तर वाईट नाही, पण किंमत ठरवताना ते ठाऊक असायला हवं.

मग सही. कागद तिरक्या उजेडात धरा. पेन्सिलीची सही किंचित चमकते आणि कागदात दबलेली जाणवते. छापलेल्या सहीत यातलं काही नसतं. सहीजवळ किंवा कोपऱ्यात बिनशाईचा उठावदार शिक्का असेल, तर तो बहुधा छापखान्याचा.

आता तो आकडा. ५० म्हणजे आवृत्तीतल्या प्रती, २३ म्हणजे ही प्रत. छपाईचा क्रम त्यातून कळेलच असं नाही, त्यामुळे लहान आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नका. ‘ए.पी.’ या चित्रकाराच्या स्वतःच्या प्रती आणि ‘एच.सी.’ या विक्रीबाह्य म्हणून ठेवलेल्या प्रती ५० मध्ये धरलेल्या नसतात. त्या किती, हे लेखी घ्या. सोबत छापखान्याचं नाव, वर्ष आणि कागदाचा प्रकारही लिहून मागा.

कागद उलटा करायला विसरू नका. मागे चिकटपट्टीचे तपकिरी डाग, बुरशीचे ठिपके, कडा छाटल्याच्या खुणा दिसतात. समासाजवळ पिवळट चौकट असेल, तर जुना पुठ्ठा आम्लयुक्त होता.

माझी एक प्रिंट फ्रेमवाल्याने पुठ्ठ्यावर सरळ गोंदाने चिकटवली होती. ती आजही निघत नाही. तेव्हापासून मी त्याच्यासमोर उभा राहतो: आम्लरहित पुठ्ठा, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या (म्हणजे चित्र पुठ्ठ्याला धरून ठेवणाऱ्या छोट्या पट्ट्या), त्याही गव्हाच्या खळीने लावलेल्या, खालची कड मोकळी. काच आणि चित्र यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी हवीच, नाहीतर दमट दिवसांत कागद काचेला चिकटतो.